बिनपगारी रजा : सवलत की वेतनकपात?



सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की पहिली नजर जाते ती नोकरांच्या पगारावर. नोकर काढावे तर ओरड होते; पगार उघडपणे कापावा तर कायदा आड येतो. मग मधला मार्ग निघतो : ‘नोकरी शाबूत आहे, काही दिवस घरी बसा; मात्र त्या दिवसांचे वेतन मिळणार नाही.’ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली आपल्या नोकरांना महिन्यातून दोन, व पुढे तीन दिवस असे घरी बसविले. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये, त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने नोकरांना सहा महिने ते दोन वर्षे, आणि वाढवून पाच वर्षांपर्यंत, बिनपगारी रजेवर पाठविण्याची योजना काढली. कोणास पाठवावयाचे हे ठरविण्याच्या कसोट्यांत कार्यक्षमतेबरोबर नोकराची प्रकृतीही होती. म्हणजे जो आजारी, त्याचाच पगार आधी थांबावयाचा!

रजा नोकर मागतो आणि वरिष्ठ मंजूर करतो. जी नोकराने मागितलीच नाही ती रजा कसली? ती वेतनकपातच होय.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यात बारा महिने सलग काम करणाऱ्यास दहा दिवसांची पगारी रजा देणारी दुरुस्ती त्याच काळात, १९४५ साली, कायद्यात आली. विश्रांती आणि वेतन यांची सांगड घालणारा तो कायदा होता. बिनपगारी रजा ती सांगडच तोडते. पोटाची चिंता घेऊन घरी बसलेल्या माणसास विश्रांती कशी लाभेल?

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी महिन्याच्या महिन्याला ठराविक पगार प्रथम आला तो रेल्वेतून, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, अगर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील पालिकांतून. गावकीच्या तुकड्याला कायमचा नकार देण्याचे बळ त्या पगाराने दिले. ज्याच्या घरी शेत आहे, दुकान आहे, त्याचे चार दिवस निभावतात. ज्याच्या घरी एकच पगार आहे, त्याचे घरभाडे, मुलांची फी आणि लोकलचा पास त्या चार दिवसांत थांबत नाहीत. कपातीचे दिवस सर्वांना सारखे असले, तरी त्यांचा भार सारखा नसतो.

राज्य संकटात आहे, सर्वांनी झीज सोसावी, हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. हजार माणसे काढण्यापेक्षा सर्वांचे दोन दिवस जाणे बरे, हेही मान्य करू. परंतु झीज वरून सुरू व्हावी. महाराष्ट्र शासनाने ३१ मार्च २०२० रोजी जे जाहीर केले त्यात लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ व ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के वेतन रोखले होते. ड वर्गास हात लावला नव्हता. ही कपात नसून वेतन दोन टप्प्यांत मिळेल, असा खुलासाही शासनाने केला. आंध्र प्रदेशातही त्या वेळी वेतन व निवृत्तिवेतन रोखण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील सरकारला रोखलेल्या रकमेवर सहा टक्के व्याज देण्यास सांगितले. केलेल्या कामाचा पगार ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. आर्थिक आणीबाणीत सरकारी नोकरांचे वेतन घटविण्याची तरतूद संविधानाच्या ३६० व्या कलमात आहे. ती आणीबाणी आजवर एकदाही पुकारली गेलेली नाही.

आणि कंत्राटी सफाई कामगाराचे काय? त्याच्यासाठी बिनपगारी रजेचा हुकूम काढावाच लागत नाही. खाडा पडला की रोज बुडाला. ताप आला तरी तोच हिशेब. कायम नोकराने केवळ स्वतःच्या दोन दिवसांसाठी भांडावे आणि शेजारी झाडू मारणाऱ्याच्या बाराही महिन्यांकडे पाठ फिरवावी, हे समतेची भाषा बोलणाऱ्यांस शोभत नाही.

म्हणून आपणांस सांगणे आहे. तोंडी हुकूम मानू नका, लेखी मागा. ‘स्वखुशीने रजा हवी’ अशा अर्जावर वाचल्याविना सही करू नका. वैद्यकीय वा तत्सम मान्य कारणाविना घेतलेली असाधारण रजा सर्वसाधारणपणे वेतनवाढीसाठी व निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही. म्हणून सेवापुस्तकात त्या दिवसांची नोंद कशी झाली ते डोळ्यांनी पाहा. आज बुडालेला दिवस म्हातारपणीही बुडू शकतो. आणि हे सर्व एकट्याने नव्हे, तर संघटनेच्या वतीने विचारा. त्या संघटनेत कंत्राटी कामगारासही आपल्या शेजारी जागा द्या. एकट्याचा प्रश्न टेबलावर पडून राहतो. शंभरांच्या सहीचे निवेदन वाचावेच लागते.