वर्गातले मौन

इंग्रजी शिकविण्यासाठी जपानमध्ये जाणाऱ्या परदेशी शिक्षकांची पहिली तक्रार बहुधा एकच असते : मुले बोलतच नाहीत. तेथे मुरलेले शिक्षक मात्र सांगतात की, मुलांना उत्तर येत असते, पण चारचौघांत चुकण्याची धास्ती वाटते. म्हणून ते साऱ्या वर्गापुढे प्रश्न टाकून वाट पाहत बसत नाहीत. आधी उत्तर लिहू देतात, शेजाऱ्याशी बोलू देतात. मग तोंडे उघडतात.

ही खटपट जुनीच आहे. १८९० मध्ये मात्सुए येथे शिकवू लागलेल्या लाफ्कादिओ हर्नने विद्यार्थ्यांची मने त्यांच्या निबंधांतून वाचली. १९२२ मध्ये आलेला हॅरॉल्ड पामर, वाचनाआधी ऐकणे-बोलणे हवे, हे सांगत १९३६ पर्यंत राहिला. १९८७ पासून सरकारच्या 'जेट' योजनेतून हजारो परदेशी तरुण शाळांत गेले. तरीही वाक्यावाक्याचे भाषांतर करण्याची रीत पुरती सुटली नाही. कारण प्रवेशपरीक्षांचा भर वाचनावर आणि व्याकरणावर राहिला. परीक्षा विचारते तेच वर्ग शिकतो.

मला वाटते, आपली स्थिती फारशी निराळी नाही. आपण गाइडमधली उत्तरे घोकतो आणि तासाला प्रश्न आला की माना खाली घालतो. प्राध्यापकांना विनंती एवढीच की, आम्हांला चुकण्याची मुभा द्यावी आणि तोंडी बोलण्यालाही थोडे गुण ठेवावेत. आणि मित्रहो, कोणी अडखळला की मागच्या बाकांवरून उठणारे हसू आपणच थांबविले पाहिजे. ते कोणत्याही शिक्षकाला जमणारे नाही.