नियम करणारा खेळाडू

ऑस्ट्रेलियाचें नांव निघालें म्हणजे आमच्या वाचकांच्या मनांत क्रिकेटच यावयाचें. परंतु त्या देशाच्या दक्षिणेस, विशेषतः मेलबर्न शहरांत, हिंवाळा आला कीं लोकांना वेड लागतें तें एका निराळ्याच खेळाचें. लंबगोल चेंडू, क्रिकेटचेंच विस्तीर्ण मैदान आणि दोन्ही बाजूंस अठरा अठरा गडी, असा हा तेथील स्वतंत्र फुटबॉल. त्याच्या आद्य पुरुषांपैकीं टॉम विल्स याचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टॉमचा जन्म १८३५ सालचा. आजोबा इंग्लंडांतून शिक्षा होऊन वसाहतींत आलेले. वडील होरेशियो मेंढरांच्या धंद्यांत संपन्न झाले. व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागांत जाब वुरुंग या मूळ रहिवाशांच्या मुलांत टॉम वाढला. त्यांची भाषा तो बोले, त्यांचीं गाणीं गाई. चौदाव्या वर्षीं वडिलांनीं त्यास इंग्लंडांत रग्बीच्या शाळेंत धाडलें. अभ्यासांत गति बेताचीच. आमच्या वर्गांत शेवटलें बांक त्याचें ठरलेलें असतें! खेळांत मात्र तो शाळेच्या क्रिकेट संघाचा नायक झाला, व १८५६ च्या अखेरीस स्वदेशीं परतला.

१० जुलै १८५८ रोजीं एका साप्ताहिकांत त्याचें पत्र प्रसिद्ध झालें. हिंवाळ्यांत क्रिकेटपटूंचीं शरीरें जड होऊं नयेत म्हणून फुटबॉलचा संघ काढावा, तें न जमल्यास नेमबाजीचा तरी काढावा, असा त्याचा मतलब. पुढील महिन्यांत दोन शाळांचा सामना झाला, त्यांत विल्स पंच होता. दर बाजूस चाळीस मुलें! तीन दिवस खेळूनहि एकेकच गोल झाला व निकाल लागला नाहीं.

१७ मे १८५९ रोजीं विल्स व त्याचे सहकारी यांनीं दहा नियम लिहून काढले. विल्सला रग्बीचे नियम हवे होते. पण ते इतरांस उमगेनात. शिवाय रग्बींत प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा होती. मेलबर्नची भूमि टणक, आणि खेळणारे पोटामागें लागलेले प्रौढ. सोमवारीं कामावर लंगडत कोण जाणार? लाथ वर्ज्य ठरली. हे नियम सूत्रांप्रमाणें अल्पाक्षर आहेत. लंडनची फुटबॉल असोसिएशन यानंतर चार वर्षांनीं निघाली, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

१८६१ सालीं विल्स वडिलांबरोबर क्वीन्सलंडांत नवें ठाणें वसविण्यास गेला. मूळ रहिवाशांची भूमि गोरे लोक मेंढरांसाठीं व्यापीत होते व रक्त सांडतच होतें. १७ ऑक्टोबरला कलिन-ला-रिंगो येथें मूळ रहिवाशांनीं होरेशियोसह एकोणीस माणसें मारलीं. टॉम सामान आणण्यास गेला होता म्हणून वांचला. गोऱ्यांनीं सूड घेतला तो अनेकपट. त्यांत विल्सहि होता, असें १८९५ सालीं शिकागोच्या एका वृत्तपत्रानें छापलें होतें. तो मजकूर २०२१ सालीं उजेडांत आला व त्यावरून इतिहासकारांत वाद आहे.

आणि तोच विल्स १८६६ च्या नाताळांत मेलबर्नच्या मैदानावर सुमारें दहा हजार प्रेक्षकांसमोर उतरला, तो मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाचा नायक व शिक्षक म्हणून! पितृवधास अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. यास कोणी क्षमा म्हणतात, कोणी पैशाची निकड दाखवितात. निकड होती हें खरें. पण हे गडी पश्चिम व्हिक्टोरियाचे, म्हणजे त्याच्या बालपणाच्या मुलखांतले. जी भाषा लहानपणीं जिभेवर बसली तिचें ऋण सूडानें फिटत नसावें, असें आम्हांस वाटतें. १८६८ सालीं त्या संघांतील कित्येक गडी इंग्लंडला गेले, पण त्यांचा नायक दुसरा झाला.

फुटबॉल तो मेलबर्न व जीलाँग यांच्याकडून १८७४ पर्यंत खेळला. नियमांची दोरी तुटेपर्यंत ताणण्यांत त्याचा हातखंडा. १८७२ सालीं क्रिकेटमध्यें तो चेंडू टाकीत नसून फेंकतो असें पंचानें ठरविलें. पुढें मद्यानें त्यास ग्रासलें. २ मे १८८० रोजीं, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, भ्रमाच्या झटक्यांत त्यानें स्वतःच्या हातानें प्राण दिला. मूळ रहिवाशांच्या चेंडूच्या खेळावरून त्यास आपला खेळ सुचला काय, यावर तेथें आजहि हिरिरीनें वाद चालतो. तसा लेखी पुरावा मिळालेला नाहीं. हायडेलबर्गच्या दफनभूमींत त्याच्या थडग्यावर नांवाचा दगड बसला तो १९८० सालीं.