अकरा विजय आणि एक प्रश्न

लोकप्रतिनिधी किती वेळा निवडून आला हे मोजणे सोपे असते. तो कोणासाठी निवडून आला हे मोजणे अवघड. जपानमध्ये ओझाकी युकिओ १८९० च्या पहिल्या निवडणुकीपासून पंचवीस वेळा संसदेवर गेले. १९५३ मध्ये ते पराभूत झाले तेव्हा त्यांच्या संसदीय कारकिर्दीला साठ वर्षे उलटली होती. तथापि त्यांचे मोठेपण या आकड्यात नाही. लष्करशाहीच्या अमलातही त्यांची वाणी दबली नाही, यात आहे.

हीच कसोटी महाराष्ट्रात गणपतराव देशमुखांना लावली पाहिजे. मोहोळ तालुक्यातील पेनूरचा हा वकील १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर गेला आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा त्याच मतदारसंघातून, त्याच लाल बावट्याखाली निवडून आला. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९९५ मध्ये तर अवघ्या १९२ मतांनी. मंत्रिपद दोनदाच लाभले: १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या आणि १९९९ च्या आघाडीच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. या अर्धशतकात कितीतरी पुढाऱ्यांनी सत्तेच्या सावलीत घरोबा केला. गणपतरावांनी मात्र पक्ष सोडला नाही आणि एस. टी. चा प्रवासही सोडला नाही.

साधी राहणी हे त्यांच्या यशाचे संपूर्ण स्पष्टीकरण मात्र नव्हे. सांगोला हा अवर्षणाचा मुलूख. तेथे दुष्काळी कामे, रोजगार हमीची मजुरी आणि पाणी हेच राजकारण होते. नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबतीने आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. पाणी केवळ जमीनमालकाचे नाही, भूमिहीनाचाही त्यावर हक्क आहे, हा विचार त्या चळवळीने महाराष्ट्रापुढे ठेवला. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी उशिरा आले, अपुरे आले. पण ते मागणाऱ्यांची संघटना त्याआधी उभी होती. लोक त्यांना मत देत, ते या संघटनेतील आपल्या वाट्याला.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो गणपतरावांच्या चाहत्यांनीच विचारला पाहिजे. २०१९ मध्ये ते निवडणुकीतून बाजूला झाले तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली आणि जागा ७६८ मतांनी गेली. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसऱ्या नातवाने ती परत मिळवली. नातवंडांच्या पात्रतेचा हा वाद नाही. ज्या पक्षाने घराणेशाहीवर कोरडे ओढले, त्याला पन्नास वर्षांत घराबाहेरचा वारस का सापडू नये? एका माणसावरचा विश्वास संघटनेचे बळ ठरतो, तसा तिचा आळसही ठरू शकतो.

हा धडा सांगोल्यापुरता नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी फाट्याशी भिवंडीची वाट फुटते. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे अनेक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवकच नसताना नळाची, रस्त्याची, पाड्यावरच्या दाखल्याची तक्रार कोणी कोणाकडे न्यावी? अशा वेळी कार्यकर्त्याची परीक्षा होते. निवडणूक जाहीर झाल्यावर जो जागा होतो, त्याला लोक ओळखत नाहीत. जो अर्ज लिहून देतो, रांगेत सोबत उभा राहतो, सभा भरवतो आणि दुसऱ्याला बोलायला शिकवतो, त्याला ओळखतात.

गणपतरावांच्या अकरा विजयांचा विक्रम मोडण्याची खटपट कोणी करू नये. त्यांचे अपुरे राहिलेले काम मात्र चिंचोटीपासून सांगोल्यापर्यंत प्रत्येक शाखेने हाती घ्यावे: नेता गेल्यावरही चालत राहील अशी संघटना बांधण्याचे.