‘वेडा महंमद’ ते ‘ठाण्याला पाठवा’ : आत्मकलंक येतो कुठून?

१/ मानसिक आजार असलेली व्यक्ती समाजाचा तिरस्कार खरा मानून स्वतःलाच हीन लेखू लागते, तेव्हा त्यास आत्मकलंक म्हणतात. त्यावर ठरलेला उपदेश असा : ‘न्यूनगंड सोडा, आत्मविश्वास बाळगा.’ इतिहासाच्या कसोटीवर हा उपदेश टिकत नाही. हा कलंक रुग्णाच्या मनात उपजलेला नाही. कायद्याने, भिंतींनी आणि भाषेने तो तेथे पोहोचवला आहे.

२/ आधी कायदा. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’नुसार रुग्णालयाची वाट बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमातून जाई. भटकणाऱ्या रुग्णास पोलीस ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत. रुग्णाची आणि आरोपीची वाट एकच असेल, तर ‘आपला काही गुन्हा झाला’ असे रुग्णास वाटणे हा भ्रम कसा म्हणावा?

३/ हा कायदा इंग्रजांबरोबर गेला नाही. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ साली संमत झाला आणि १९९३ साली अंमलात आला. स्वतंत्र भारताने वसाहतीचा हा वारसा चार दशकांहून अधिक काळ सांभाळला.

४/ मग भिंती. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पुढे सरकारी कागदांत ‘ल्युनॅटिक असायलम’चे ‘मेंटल हॉस्पिटल’ झाले. लोकांच्या जिभेवर मात्र ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ हेच राहिले. उपचाराच्या ठिकाणाचे नावच शिवी झाले, तर तेथे आपणहून कोण जाईल?

५/ आता भाषा; आणि येथे इतिहासप्रेमीही निर्दोष नाहीत. महंमद तुघलकाने (१३२५–१३५१) तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी काढली. बनावट नाण्यांना आळा घालता न आल्याने योजना फसली. हे प्रशासनाचे अपयश होते. पण मराठीने त्याला ‘वेडा महंमद’ ठरवून विषय संपवला. कारणमीमांसेच्या जागी शिवी ठेवणे हा इतिहासावरही अन्याय आहे.

६/ ‘शब्दांनी काय होते?’ असे कोणी विचारील. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक व सहकाऱ्यांनी १९८९ साली याचे उत्तर दिले. मनोरुग्णांविषयीच्या समजुती माणूस आजारी पडण्याच्या फार आधी, समाजात वाढतानाच आत्मसात करतो. निदान होताच त्या त्याच्यावरच उलटतात. ज्या विनोदावर तो काल हसला, त्याचे लक्ष्य आज तोच असतो.

७/ पॅट्रिक कॉरिगन यांनी पुढच्या पायऱ्या दाखवल्या : शिक्का कळणे, तो पटणे, स्वतःला लावून घेणे, आणि अखेर ‘प्रयत्न तरी कशासाठी?’ येथे माणूस नोकरीचा अर्ज करीत नाही, औषध थांबवतो, घरच्यांपासूनही लपतो. याला दुबळेपणा म्हणणे म्हणजे जखम करणाऱ्याने जखमीस बोल लावणे.

८/ २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारास उपचारांत आणि विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले. पण जिभेवर कायदा चालत नाही. तेथला बदल बोलणाऱ्यांनाच करावा लागेल. तेव्हा रुग्णास आत्मविश्वासाचे धडे देण्यापूर्वी इतिहासाच्या वाचकांनी ‘वेडा महंमद’ लिहिणे थांबवावे. धोरण चुकले असेल, तर ‘धोरण चुकले’ असेच लिहावे.