बधिर करणारें औषध आणि जंतु

उमरी (जि. नांदेड) येथील एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या सासूबाईंना पाठीवर काळपुळी झाली, मधुमेह जुना. डॉक्टरांनीं लिग्नोकेन टोचून शस्त्र लावलें, पू काढला, आणि पोटांत घेण्यास गोळ्या दिल्या. तीन दिवसांत ठणका थांबला. इतक्यांत औषधशास्त्र शिकणाऱ्या पुतण्यानें घरांत सांगितलें कीं, बधिर करणारें हें औषध स्वतःच जंतुनाशक आहे. झालें! सासूबाईंनीं गोळ्या ठेवून दिल्या. त्यांचें म्हणणें, जंतु सुईनेंच मेले, मग पोटांत आग कशाला? पत्रलेखिका विचारतात, खरें कोणाचें? आणि औषध एवढें गुणाचें, तर शस्त्र लावतांना सासूबाई इतक्या कळवळल्या कां?

पुतण्याचें वाचन खोटें नाहीं. लिग्नोकेन हें १९४३ सालीं स्वीडनमध्यें लॉफग्रेन व लुंडक्विस्ट या रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें आणि १९४८ पासून तें विक्रीस आलें. मज्जातंतूंतून जाणारा वेदनेचा संदेश अडविणें हें त्याचें काम. पुढें प्रयोगशाळांतून असें दिसून आलें कीं, तें व त्याचें भावंड बुपिव्हाकेन, हीं दोन्ही पुरेशा तीव्रतेचीं असतां कित्येक जंतूंची वाढ रोखतात. गळवांत व काळपुळींत नेहमीं सांपडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतलाच. जंतूच्या भोंवतालचें पातळ आवरण या औषधांनीं बिघडतें, असें त्याचें कारण सांगतात. (मोठ्या बाटलींतील औषध टिकावें म्हणून त्यांत बहुधा मेथिलपॅराबेन घातलेलें असतें, तेंही जंतुरोधकच. तरीसुद्धां एकाची सुई दुसऱ्याच्या बाटलींत जाऊं नये, हा नियम सुटत नाहीं.)

परंतु कांचेची बशी वेगळी आणि सासूबाईंची पाठ वेगळी. बशींत जंतु औषधांत तासन् तास बुडालेला असतो. शरीरांत टोचलेलें औषध थोड्याच वेळांत रक्तांत मिसळून निघून जातें; आंतले जंतु मात्र तेथेंच राहतात. शिवाय पू झालेली जागा आम्लधर्मी असते. लिग्नोकेनचे जे कण विद्युद्भाररहित असतात, तेच मज्जातंतूच्या स्निग्ध आवरणांतून आंत शिरूं शकतात. आम्लामध्यें बहुतेक कण भारयुक्त होऊन बाहेरच अडतात. म्हणून पिकलेल्या जागीं बधिरता अर्धवट येते. सासूबाई कळवळल्या त्यांत डॉक्टरांच्या हाताचा दोष मानण्याचें कारण नाहीं. याकरितांच शस्त्रवैद्य शक्य तेथें पुवांत न टोचतां भोंवतालच्या निरोगी कातडींत टोचतात, आणि दंतवैद्य सुजलेल्या दाढेपासून दूर, तिच्या मज्जातंतूच्या मुळाशीं सुई घालतात.

बधिर करणारें प्रत्येक औषध जंतूंचें वैरीच ठरतें असेंही नाहीं. १९०५ मध्यें प्रचारांत आलेल्या नोव्होकेनचें शरीरांत विघटन होऊन पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल निघतें. आणि सल्फा औषधांचा प्रभाव नाहींसा करणारें द्रव्य नेमकें हेंच, असें १९४० मध्यें आढळलें. एका सुईनें जंतूंना मदत आणि दुसऱ्या गोळीनें त्यांच्यावर मारा, असा तो प्रकार होता.

औषधाचा दुसरा गुण मानावयाचा तो रोग्यांवर पारखूनच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं ही पारख कशी करावी तें दाखविलें. विषय जंतूंचा नव्हे, स्तनाच्या कर्करोगाचा. औषध मात्र हेंच. सुमारें १६०० स्त्रियांपैकीं निम्म्यांना गांठ काढण्यापूर्वीं कांहीं मिनिटें तिच्या भोंवतीं लिग्नोकेन टोचलें, निम्म्यांना नाहीं. २०२३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पांच वर्षांनंतर हयात असण्याचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ९०.१, दुसऱ्यांत ८६.४. इतकी वर्षें रोग्यांचा मागोवा घेतला तेव्हां हा गुण पदरांत पडला. काळपुळीच्या गोळ्यांऐवजीं लिग्नोकेनवर विसंबावें, असें कोणताही जबाबदार शस्त्रवैद्य सांगणार नाहीं.

तेव्हां भगिनींनीं आजच डॉक्टरांना गोळ्या बंद असल्याचें कळवावें. पोटांत आग पडते हेंही सांगावें. औषध बदलावयाचें कीं जेवणानंतर द्यावयाचें, तें ते ठरवितील. रक्तांतील साखर तपासून घ्यावी, कारण ती चढलेली असतां जखम भरत नाहीं. ताप, थंडी, गुंगी, किंवा जखमेभोंवतीं पसरत जाणारी लाली दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय गांठावें. आणखी एक. पुवाचा नमुना तपासणीस दिला असेल, तर त्यांत लिग्नोकेन मिसळल्यानें जंतु कमी उगवण्याचा संभव असतो. "जंतु आढळले नाहींत" असा कागद हातीं आला, तरी तो सासूबाईंच्या हातीं देण्यापूर्वीं डॉक्टरांना दाखवावा.