बाहुल्याच्या तोंडून

दिवाळीत आम्ही सहकुटुंब पालीस जातो. पहाटे अभ्यंगस्नान, मग बल्लाळेश्वराचे दर्शन, चिमाजीअप्पांनी वाहिलेल्या घंटेखाली क्षणभर थबकणे आणि घरी येऊन फराळ, हा आमचा ठरलेला क्रम. त्यात अलीकडे आणखी एका विधीची भर पडली आहे. दुपारी मुले माजघरात 'झपाटलेला' लावतात!

महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. पुन्हा माणूस व्हायचे, तर ज्याला आपले गुपित प्रथम सांगितले त्याच्याच देहात त्याला शिरावे लागणार. आणि तो देह निघतो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भोळ्या लक्ष्याचा! बाहुला घडवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी आणि त्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. कल्पनेचे मूळ १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन भयपटात. पण आपल्याकडे आल्यावर भुताला हवालदार भेटला, लक्ष्याची आई भेटली, आणि भीतीचे हसू झाले.

त्या काळी मी नाक मुरडले होते. सुशिक्षित माणसाने असले पाहायचे नसते, असा माझा समज! आता चित्रपटानंतर जन्मलेली माझी पुतणी त्यातला शब्दन् शब्द घडाघडा म्हणते, आणि मी वर्तमानपत्राआडून ऐकतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. चित्रपट संपला. देवळाच्या वाटेवर पेढ्यांचे दुकान चालवणारा माझा धाकटा भाऊ मुलांत येऊन बसला. त्याने पोराचा एक मोजा हातावर चढवला, त्याला शाईने डोळे काढले आणि बाहुला बोलू लागला. ओठ न हलवता बोलणे त्याला कुठले जमायला! मिशांनी तेवढी लाज राखली. बाहुल्याने एकेकाची फिरकी घेतली. सौ.च्या चकल्या मऊ पडल्याचेही सांगून टाकले. सगळे खो खो हसत होते. मग तो माझ्याकडे वळला.

"काय दादा, आईच्या मोतीबिंदूचं पुढच्या महिन्यात बघणार होतात ना? किती महिने झाले हो त्या महिन्याला?"

मुले हसली. मीही हसलो. मग लक्षात आले, की सौ. हसत नाही. भाऊ मोज्याकडे पाहत होता, माझ्याकडे नव्हे.

"असं सरळ विचारायचं नाही का रे?" मी म्हणालो.

"मी कुठं विचारलं?" तो पुटपुटला. "हा विचारतोय."

खरे म्हणजे त्याने सरळ तीनदा विचारले होते. मुंबईत जागेची अडचण, कचेरीत रजेची अडचण, असे मीच त्याला प्रत्येक वेळी ऐकवले होते. थोरल्यापुढे चौथ्यांदा तोंड उघडायला त्याला मोज्याचा आधार लागला. लक्ष्याला निदान ठाऊक होते, की बाहुल्यात शिरलाय तो कोण. मला ते कळायला इतका उशीर व्हावा?

भाऊबीज झाली आणि आईला आम्ही मुंबईस घेऊन आलो. दोन्ही डोळे महिनाभराच्या अंतराने झाले.

गेल्या दिवाळीत पुन्हा तोच चित्रपट लागला. आई या वेळी भिंतीशी न बसता पुढे सरकून बसली. आजवर तिने तो नुसता ऐकलाच होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीच आले नव्हते. तात्या विंचू पडद्यावर आला. तिने नीट निरखून पाहिले.

"इश्श! एवढासाच होय हा?" ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटलं, चांगला दाराएवढा असेल. उगीच भीत होते इतकी वर्षं!"

भाऊ माझ्याकडे पाहून हसला. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात मोकळे होते.