नेपाळ बघायला चाललात? मग तिथली जातही बघून या

दिवाळी झाली की आपल्या वस्त्यांमधून 'बौद्ध स्थळ दर्शन'च्या सहली निघतात. बोधगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती. सोबत आपलाच आचारी, आपलीच भांडीकुंडी, आणि गाडीच्या पुढच्या काचेवर पंचशील ध्वज. गेल्या काही वर्षांत त्यात 'नेपाळ स्पेशल' आली आहे. तिचं पत्रक नीट वाचा. वर तथागतांचा फोटो आणि 'बुद्धभूमी नेपाळ' अशी मोठी अक्षरं. खाली कार्यक्रम: पशुपतिनाथ दर्शन, मनकामनाची केबल कार, पोखऱ्यात फेवा तलावावर बोटिंग, थामेलमध्ये खरेदी, आणि येता-जाता लुंबिनी, दीड तास.

आमचा आक्षेप फिरण्याला अजिबात नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावाची वेस ओलांडायलाही कुणाची तरी परवानगी लागायची, त्यांच्या नातवंडांनी हिमालय बघावा, बर्फात फोटो काढावेत, खुशाल काढावेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. बौद्ध म्हणून आपण नेपाळला जातो, तेव्हा तिथे नेमकं काय बघून येतो?

बाबासाहेब नेपाळला गेले होते, हे आपल्याला माहीत असतं. पण कधी गेले, हे एकदा तारखा मांडून बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा. त्यानंतर नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेचं चौथं अधिवेशन. प्रकृती पूर्ण ढासळलेली, सोबत माईसाहेब. तिथे २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. मधे फक्त सोळा दिवस. आयुष्याच्या अगदी शेवटी त्या माणसाने काठमांडूत उभं राहून जगभरच्या बौद्धांना सांगितलं की माणसाच्या दुःखाला आणि शोषणाला धम्माकडे उत्तर आहे, आणि ते मार्क्सपेक्षा टिकाऊ आहे. त्या शहरात आपली गाडी थांबते ती पशुपतीच्या रांगेसाठी. याला काय म्हणायचं?

बरं, ते अधिवेशन भरवणारी नेपाळची धर्मोदय सभा कुठून आली? राणांच्या राजवटीत धम्माचा प्रचार करणं हा गुन्हा होता. हिंदू घरातला माणूस भिक्खू झाला म्हणून १९२६ मध्ये हद्दपारी झाली. १९४४ मध्ये आठ थेरवादी भिक्खूंना प्रचार थांबवण्याची हमी लिहून द्या असं सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. त्याच वर्षी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. ज्या देशात बुद्धाचा जन्म झाला, त्या देशातून बुद्धाचे भिक्खू हाकलले गेले, याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. हे कोणताही गाइड सांगणार नाही, कारण त्याच्याकडे 'हिंदू-बौद्ध समन्वयाची भूमी' हे वाक्य पाठ असतं.

या समन्वयाचा मुखवटा काढायचा असेल तर १८५४ चा मुलुकी ऐन काढून बघावा. जंगबहादूर राणाने केलेला हा कायदा. मनुस्मृती आपल्याकडे ग्रंथ होता, नेपाळमध्ये एकोणिसाव्या शतकात तो सरकारी कायदाच झाला. पाच पायऱ्या. वर तागाधारी, म्हणजे जानवेवाले. मग दारू पिणाऱ्या दोन पायऱ्या, त्यातल्या एकीला गुलाम करता येत नाही आणि दुसरीला करता येतं. मग ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही पण विटाळ होत नाही असे. आणि तळाला ज्यांचा स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागतं ते: कामी, सार्की, दमाई, गाइने, पोडे, च्यामे. आता लक्ष द्या. ज्यांना गुलाम करता येतं त्या पायरीवर 'भोटे' होते, म्हणजे काठमांडूच्या भोवतालच्या डोंगरांतले, बुद्धाला मानणारे लोकसुद्धा. समन्वय असा असतो होय? बुद्धाला विष्णूचा अवतार करून देव्हाऱ्यात बसवायचं आणि बुद्धाच्या लोकांना गुलामांच्या यादीत. बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी उगाच घातलेली नाही.

पण सगळं खापर हिंदू राजांवर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो, पाटणला जा. काठमांडूच्या खेटून असलेलं हे शहर. तिथे हिरण्यवर्ण महाविहार आहे, लोक 'गोल्डन टेम्पल' म्हणतात. सोन्याचा मुलामा दिलेले पत्रे, अंगण, मधे छोटं देऊळ, सुंदर कारागिरी. डोळे दिपतात. पण विहार म्हटल्यावर आपल्याला जे अपेक्षित असतं ते तिथे नाही. तिथला संघ जन्माने ठरतो. शाक्य आणि वज्राचार्य या दोन जातींची मुलं लहानपणी काही दिवस चीवर घालतात, मग ते उतरवून घरी येतात, पुढे लग्न करतात, आणि तरीही आयुष्यभर संघाचे सदस्य राहतात. त्यासाठी बाप त्या विहाराचा हवा आणि आई बरोबरीच्या जातीची हवी. आई खालच्या जातीची असेल तर मुलाला संघात जागा नाही. आत चामड्याचे जोडे घालून जायला मनाई आहे, तेही लक्षात ठेवा.

म्हणजे काय झालं? हजार-बाराशे वर्षं बौद्ध म्हणून टिकून राहिलेला समाज. मूर्ती टिकल्या, पोथ्या टिकल्या. भारतातून नाहीसे झालेले संस्कृत बौद्ध ग्रंथ यांनी जपले, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण जात नष्ट झाली नाही, उलट विहाराच्या आत जाऊन बसली. भिक्खू ही साधनेने मिळणारी गोष्ट राहिली नाही, आडनाव झालं. ज्या कुमारीला 'जिवंत देवी' म्हणून परदेशी पर्यटक बघायला येतात, ती मुलगीसुद्धा बौद्ध शाक्य घरातली असते आणि तिच्यात हिंदू राजाची कुलदेवता तलेजू येते असं मानतात. पाळी आली की देवीपण संपलं.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा जातीचं मर्म म्हणून एकच गोष्ट पुढे ठेवली होती: जातीच्या आतच लग्न. समाजशास्त्राच्या वर्गात हे पाठ करून आम्ही मार्क मिळवले. पाटणच्या त्या अंगणात तोच निबंध सोन्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखा समोर दिसतो. लग्न जातीत राहिलं तर धम्म बदलून, विहार बांधून, मूर्ती घडवूनही जात राहते. आणि हे वाचताना महाराष्ट्रातल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांचे फॉर्म ज्यांच्या डोळ्यांसमोर आले असतील, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. 'बौद्ध' लिहायचं आणि खाली कंसात पोटजात विचारायची!

आता बौद्धनाथचा स्तूप बघा. तिबेटी परंपरेत त्याची एक कथा सांगतात. कोंबड्या पाळणाऱ्या, हीन कुळातल्या म्हणून गणलेल्या एका बाईने राजाकडे स्तूपासाठी एका कातड्याएवढी जागा मागितली. राजा हो म्हणाला. तिने कातड्याची बारीक वादी कापली आणि त्या वादीने एवढी मोठी जागा घेरली. मोठ्या घरच्यांना राग आला की असल्या बाईने एवढा स्तूप बांधावा? राजा म्हणाला, शब्द दिला तो दिला. ही दंतकथा आहे, इतिहास नाही, आणि आम्ही ती इतिहास म्हणून सांगत नाही. पण आपल्या बायकांना सहलीत ही कथा सांगा. त्या आख्ख्या सहलीत तीच लक्षात ठेवतील.

तिथून थामेलला या. दुकानात काय विकतं? खुकुरी. ती घडवणारा कामी, ज्याला आज विश्वकर्मा म्हणतात. सारंगी. ती वाजवणारा गंधर्व, ज्याला आधी गाइने म्हणायचे. गावोगाव गाऊन बातम्या पोचवणारी ही जात. पोखऱ्यात फेवा तलावापासून फार लांब नाही, बाटुलेचौर नावाची त्यांची वस्ती आहे. लग्नाच्या वरातीत पुढे वाजणारं पंचैबाजा वाजवणारा दमाई, आणि वरातीत सगळ्यात पुढे असलेल्या त्याच माणसाला घराच्या आत जागा नाही. प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक बसमध्ये पर्यटकांना ऐकवलं जाणारं 'रेशम फिरिरी' हे गाणंही बुद्धि परियार या दमाई समाजातल्या कलावंताचं. म्हणजे 'नेपाळी संस्कृती' म्हणून जे जगाला विकलं जातं, त्यातलं बरंचसं दलितांच्या हातातून आणि गळ्यातून आलेलं आहे. आपल्या तमाशाचं, हलगीचं, शाहिरीचं काय झालं ते आठवा.

२०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये दलित सुमारे १३ टक्के आहेत आणि बौद्ध ८ टक्क्यांच्या आसपास. अस्पृश्यता कायद्याने १९६३ मध्येच गेली. २००६ मध्ये संसदेने देश 'छुवाछूतमुक्त' घोषित केला, २०११ ला स्वतंत्र कायदा आला, २०१५ च्या संविधानात कलम २४ आलं. आणि २०२० च्या मे महिन्यात रुकुम पश्चिममध्ये, भेरी नदीच्या काठी, वरच्या जातीतल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह गेलेल्या दलित तरुणावर जमाव धावून गेला. सहा तरुण मेले. खर्डा, सोनई ही नावं ज्यांना माहीत आहेत, त्यांना रुकुम परकं नाही. पुढच्याच वर्षी राजधानीत एका दलित महिला पत्रकाराला जात कळल्यावर भाड्याची खोली नाकारली गेली. तक्रार झाली, घरमालकीण पकडली गेली, आणि ती सुटली तेव्हा तिला घरी सोडायला खुद्द शिक्षणमंत्री गेले.

प्रश्न असा पडतो की एवढं सोसूनही नेपाळचे दलित बुद्धाकडे का येत नाहीत? बरेच जण चर्चमध्ये गेले. आमचं मत असं की त्यांनी डोळ्यासमोर जो बौद्ध पाहिला, तो नेवार असतो, शेर्पा असतो, तामाङ असतो. म्हणजे बौद्ध ही त्यांना आणखी एक जन्मजात ओळख वाटते. दीक्षा घेऊन, प्रतिज्ञा करून, जात सोडण्यासाठी बौद्ध झालेला माणूस त्यांनी फारसा बघितलेलाच नाही. तो माणूस तर आपण आहोत. आणि आपण तिथे जाऊन फेवा तलावात बोट फिरवून परत येतो.

लुंबिनीत दीड तासात काय दिसतं? मायादेवी मंदिर आणि अशोक स्तंभ, दोन्हींसमोर सेल्फी. १८९६ मध्ये सापडलेल्या त्या स्तंभावर अशोकाने फक्त 'इथे बुद्ध जन्मले' एवढंच लिहिलेलं नाही. लुंबिनी गावाचा बली माफ केला आणि शेतसारा आठव्या भागावर आणला, हेही लिहिलंय. जन्मभूमीला वंदन करायचं म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांच्या डोक्यावरचा बोजा कमी करायचा, हा त्या राजाचा अर्थ. आज विहारांच्या कुंपणाबाहेर त्याच तराईतली गरीब गावं आहेत. याच तराईत, पूर्वेला सिराहाच्या बाजूला, चमार समाजाने या शतकाच्या तोंडावर मेलेली जनावरं ओढायला नकार दिला आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. महाडनंतर आपल्या गावागावांत जे घडलं, तेच तिथे सत्तर वर्षांनी.

तर यंदा सहल ठरवताना टूरवाल्याशी वाद घाला. लुंबिनीला एक मुक्काम मागा. पश्चिमेला तासाभरावर तिलौराकोट आहे, शाक्यांच्या कपिलवस्तूचे अवशेष म्हणून दाखवतात ते. सिद्धार्थ ज्या दाराने बाहेर पडला असं सांगतात ते पूर्वेचं दार तिथे आहे. पशुपती काढून टाका, तो वेळ पाटणला द्या. पोखऱ्यात बोटिंग करा, पण संध्याकाळी बाटुलेचौरला जाऊन सारंगी ऐका आणि वाजवणाऱ्याला पैसे देताना घासाघीस करू नका. त्याला आपलं नाव सांगा, बाबासाहेबांचं नाव सांगा, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. हिंदी दोन्हीकडे समजते.

जय भीम.